हिरड्याचे वळसे

बाळगुटीच्या डबीतली सगळ्यांत कुरूप वस्तू म्हणजे बाळहिरडा. जायफळाला वास आहे, हळकुंडाला रंग, वेखंडाचा तर दराराच. हा मात्र उंदराने कुरतडून टाकलेल्या मनुकेसारखा, काळा आणि सुरकुतलेला. तरी आमच्या घरच्या डबीत सर्वांत जास्त झिजलेला तोच असायचा.

धाकट्या भावाच्या वेळचं मला आठवतं. आजी सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घ्यायची आणि एकेक काष्ठौषध उगाळायची. सगळं मोजमाप वळशांचं. हिरड्याचे दोन-तीन, अतिविषाचा एक, वेखंडाचा अर्धाच. बाळाला शी झाली नसेल तर हिरड्याचा एखादा वळसा वाढे. पातळ होत असेल तर हिरडा बाजूला राही आणि मुरडशेंग पुढे येई. आजी आधी दुपट्याकडे बघायची, मग सहाणेकडे. औषधाचे गुण तिला कुणी विचारले असते तर धड चार वाक्यं सांगता आली नसती. पण आज किती द्यायचं, यात ती कधी चुकली नाही.

आम्हा मोठ्या मुलांच्या वाट्याला हिरडा खोकल्यात यायचा. बाळहिरडा साजूक तुपावर परतला की टम्म फुगतो, हलका होतो, नखानेही मोडतो. त्याचा तुकडा गालात धरून झोपायचं. चघळायचं नाही, नुसता धरायचा. आयुर्वेद म्हणतो की हिरड्यात खारट सोडून पाचही रस आहेत. मी ते पाच शोधायचा मनापासून प्रयत्न केला आहे. तुरटपणा बाकी चौघांना बोलूच देत नाही. जीभ आक्रसते, टाळू कोरडी पडते. वरून पाणी प्यायलं तर मात्र मागे थोडी गोडी रेंगाळते, हे खरं.

हा तुरटपणा म्हणजे काय, ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं. हिरड्याच्या पिवळट काढ्यात हिराकशीचे दोन थेंब टाकले आणि परीक्षानळी डोळ्यांदेखत काळीभोर झाली. हिरड्यात टॅनिन भरपूर. ते लोहाला धरतं आणि शाई होते. आपल्याकडे पूर्वी शाईच्या कृतींत हिरडा असायचा तो त्यामुळेच. तेच टॅनिन प्रथिनांनाही धरून ठेवतं, म्हणून जीभ आक्रसते आणि म्हणूनच कातडं कमावता येतं. ‘चांभारी हिरडा’ हे नाव तिथूनच आलेलं. इंग्रजांच्या काळात हिरडा जहाजं भरभरून बाहेर जायचा, तो औषधासाठी नव्हे, विलायतेतल्या कातडी कारखान्यांसाठी.

त्या परीक्षानळीचा उपयोग मला पुढे घरात झाला. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू असलेल्या एका वहिनींनी त्यांच्याच जोडीला त्रिफळा चालू केला होता. दोन्ही एका वेळी घेतलं तर पोटातही थोडीफार शाईच होणार! चहाचंही तेच. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं, एवढं साधं आहे. पण डब्यावर फायद्यांची लांबलचक यादी असते आणि ही ओळ नसते. गरोदरपणात, किंवा उपासाने वा आजाराने माणूस गळालेला असताना हिरडा देऊ नये, असं जुन्या ग्रंथांनीच सांगून ठेवलं आहे. तेही डब्यावर क्वचितच दिसतं. उलट ऋतुगणिक हिरडा कशाबरोबर घ्यायचा हे त्या ग्रंथांनी किती बारकाईने लावून दिलंय: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. बारा महिने तीच कॅप्सूल घेणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

पुढे एकदा लेहजवळच्या एका गोंपात औषधी बुद्धाचं चित्र पाहिलं. निळा देह, आणि उजव्या हातात फळांसह एक डहाळी. भिक्खूने सांगितलं, हिरडा आहे. मला आधी आजीची डबीच आठवली.

झाड मात्र फार उशिरा पाहिलं, आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या बाजूला. एप्रिल-मेमध्ये तिथली महादेव कोळी कुटुंबं अख्खीच्या अख्खी हिरड्यावर असतात. तरणी पोरं शेंड्यापर्यंत चढून काठीने झोडपतात, खाली बाया-मुलं पाचोळ्यातून वेचतात. आत कोय धरायच्या आधीच उतरवलेलं हे कोवळं हिरवं फळ; तेच वाळलं की काळं पडतं आणि बाळहिरडा होतं. झाडावर राहून पिकलं, मोठं पिवळं झालं की सुरवारी. अंगणात, छपरावर, खडकावर, सगळीकडे वाळवण. एक वळवाचा पाऊस आला तरी माल बुरसतो आणि व्यापारी भाव पाडतो. भातानंतर हाती रोख येते ती याचीच, आणि त्यावर पावसाळ्याचा किराणा, पोरांच्या वह्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या डोंगरांवरून गेलं तेव्हा कित्येक जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. हिरड्याचं नवं झाड धरायला बरीच वर्षं जातात. घर पडलं तर पंचनामा होतो. रानात मोडलेल्या झाडाची भरपाई मिळवायला मोर्चे काढावे लागतात. ‘आरोग्यदायी वनौषधी’ म्हणून आपण जे कौतुक करतो, त्यात ही माणसं कुठेच नसतात, याचा मला राग येतो.

आता भाचीला मुलगी झाली आहे. बालरोगतज्ज्ञांनी बजावलंय, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटीसुद्धा नाही. घरातल्या ज्येष्ठ मंडळींना ते लागलं. मला डॉक्टरांचं पटतं. सहाण, बोट, डबीत वर्षानुवर्षं पडलेली मुळं, यांतून तान्ह्याच्या पोटात काय जाईल ते कोण सांगणार? शिवाय वळसे मोजणारी नजरच उरली नसेल, तर नुसती डबी काय कामाची?

हिरडा मी माझ्यापुरता आणते. परवा काष्ठौषधीच्या दुकानात माझ्या आधीच्या बाईंनी विचारलं, “हिरड्याने वजन कमी होतं म्हणे?”

“होईल की,” पुडी बांधता बांधता म्हातारे दुकानदार म्हणाले, “पण ताई, त्या दिवशी लांब कुठे जाऊ नका.”

बाईंनी हातातलं चूर्ण परत ठेवलं आणि गुलकंद घेतला.