बंगळुरूत परिचारिका होताना

भारतात परिचारिकेला काम करण्याचा हक्क मिळतो तो नोंदणीने. मान्यताप्राप्त संस्थेतून बी.एस्सी. नर्सिंग किंवा जी.एन.एम. पूर्ण केले की राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. कर्नाटकात ही नोंदणी १९६१ च्या राज्य कायद्याखाली बंगळुरूतील कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेत होते. शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेकडे आले. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. नोंदणीसाठी वेगळी परीक्षा नसल्याने विद्यापीठाची परीक्षा आणि वॉर्डातले प्रशिक्षण हीच इथली खरी परवाना परीक्षा ठरते.

बंगळुरूची बहुतेक नर्सिंग महाविद्यालये १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मराठी मुलींना हे शहर रात्रीच्या गाडीने गाठता येते. प्रस्तुत लेखिका अशीच बेळगावच्या मराठी शाळेतून इथे आली. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र इंग्रजीतून वाचायचे आणि रुग्णाला मात्र कन्नडमधून विचारायचे, ‘एल्लि नोवु?’ (कुठे दुखते?). उत्तर कधी तमिळमध्ये येई, कधी दखनी उर्दूत. बेळगावच्या मुलीला बाजारापुरते कन्नड येत असते, कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या मुलीला तेही नसते. भाषेची ही अडचण अभ्यासक्रमाच्या कोणत्याही पुस्तकात नाही, पण पहिले वर्ष तिच्यातच जाते. दुखणे कुठे, किती आणि कधीपासून, हे रुग्णाकडून नीट काढून घेता आले नाही तर पुढची नोंदही चुकते.

२०२१ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात चार वर्षांची आठ सत्रे आहेत आणि शेवटचे सत्र इंटर्नशिपचे आहे. लेखी पेपराखेरीज रुग्णाच्या खाटेजवळची तोंडी परीक्षा असते. रुग्णाची माहिती सांगायची, परिचर्या आराखडा मांडायचा आणि परीक्षकांसमोर प्रत्यक्ष कृती करून दाखवायची. विद्यार्थिनींना सर्वांत धास्ती असते ती औषधाच्या हिशोबाची. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि सेट मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत. हे गणित वहीत सोपे असते. रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण हाक मारत असताना ते तितकेच अचूक यावे लागते.

इन्सुलिनचे उदाहरण तर प्रत्येक नव्या परिचारिकेने पाठ करावे असे आहे. भारतात मिलिलिटरला ४० युनिटची कुपी मिळते आणि १०० युनिटचीही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० युनिटच्या कुपीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले तर १० ऐवजी २५ युनिट शरीरात जातात. अमेरिकेत मुख्यतः १०० युनिटचे इन्सुलिन वापरतात, म्हणून तिथल्या परीक्षेच्या पुस्तकांतून अभ्यास करणारीच्या नजरेतून हा धोका निसटू शकतो. ही गोष्ट वॉर्डातच शिकावी लागते.

नोंदणीनंतर परीक्षांच्या दोन वाटा फुटतात. एक एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेची, जी २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. जी.एन.एम. झालेल्या उमेदवाराला तिच्यासाठी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. दुसरी वाट परदेशाची. अमेरिकेसाठीच्या एनक्लेक्स या परवाना परीक्षेत एप्रिल २०२३ पासून रुग्णाच्या नोंदी वाचून निर्णय घ्यायला लावणारे प्रश्न आले. परीक्षेचा वेळ पाच तासांचा असून प्रश्न किमान ८५ आणि कमाल १५० असतात. पुढचा प्रश्न मागच्या उत्तरांवरून संगणक निवडतो.

प्रस्तुत लेखिकेने एनक्लेक्सची तयारी नोकरी करत केली आणि तिच्या मते तीच योग्य पद्धत आहे. एक प्रश्न पाहा. चार रुग्ण आहेत: शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दुखते म्हणणारा, रक्तातील साखर २५० असलेला, घरी सोडायची वाट पाहणारा आणि दम्याचा असा रुग्ण, ज्याच्या छातीतली घरघर अचानक थांबली आहे. आधी कोणाकडे जायचे? पाठांतरावर विसंबणारी विद्यार्थिनी घरघर थांबल्याने सुटकेचा श्वास सोडते. पण थकलेल्या रुग्णाच्या छातीत हवाच पुरेशी शिरेनाशी झाली की आवाज बंद होतो. म्हणून आधी जायचे ते त्याच्याकडे. नेब्युलायझर लावून अशा रुग्णाच्या उशाशी उभी राहिलेली परिचारिका हे उत्तर विसरत नाही.

पहिली नोकरी मात्र बहुतेक वेळा खासगी रुग्णालयात मिळते. सुरुवातीचे आठवडे ज्येष्ठ सिस्टरच्या हाताखाली जातात. हँडओव्हर घेणे, क्रॅश कार्ट तपासणे, कॅन्युला लावणे, डॉक्टरांच्या तोंडी सूचना परत म्हणून पक्क्या करणे ही कामे रोजची होतात. रात्रपाळी अंगवळणी पडायला वेळ लागतो. प्रस्तुत लेखिकेला सर्वांत जड गेला तो पहिला मृत्यू. नातेवाइकांना सांगणे डॉक्टरांनी केले, पण शेवटची स्वच्छता आणि बांधाबांध तिने केली. त्या कामाचे प्रशिक्षण मिळालेले असते. मन त्यासाठी तयार नसते, आणि यावर महाविद्यालयांत आहे त्याहून जास्त बोलले गेले पाहिजे.

वेतनाचा प्रश्न कळीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतके वेतन सुचवले. ही शिफारस सर्वत्र पाळली जात नाही, म्हणून नेमणूकपत्र वाचूनच सही करावी आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत.

कर्नाटकात नोंदलेल्या परिचारिकेला महाराष्ट्रात परतायचे असेल तर कर्नाटक परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. अनुभवाचा दाखला मात्र नोकरी सोडतानाच मागून घ्यावा. पुढच्या प्रत्येक अर्जाला तो लागतो.