राऊटर नसलेलं घर

विंडोज एक्सपीच्या काळात शिकायला बाहेर असलेली ताई किंवा दादा सुट्टीला लॅपटॉप घेऊन आले, की आपल्यापैकी कितीतरी घरांत एकच खटपट सुरू व्हायची. ब्रॉडबँडची वायर हॉलमधल्या डेस्कटॉपला, राऊटरचा पत्ता नाही, आणि नेट तर दोघांनाही हवं. मग डेस्कटॉपच्या मागे यूएसबीचं वाय-फाय अॅडॅप्टर खोचायचं आणि दोन्ही मशीन थेट एकमेकांना जोडायची. याचंच नाव अॅड हॉक नेटवर्क.

खरी गंमत वेप कीची, म्हणजे या नेटवर्कच्या पासवर्डची. साधी की दहा आकडी-अक्षरी, मोठी सव्वीस. शून्य ते नऊ आणि ए ते एफ, बाकी काही चालत नसे. ती कालनिर्णयच्या पानामागे लिहिलेली असे. हॉलमधून बाबा एकेक अक्षर मोठ्यानं वाचणार, आतून ताई ओरडणार, "बी की डी?" एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मग डेस्कटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू करायचं. तो स्वतः 192.168.0.1 व्हायचा आणि लॅपटॉपला त्याच ओळीतला पत्ता द्यायचा. लॅपटॉपवर 169.254 नं सुरू होणारा आकडा दिसला, की समजायचं, पत्ता मिळालेलाच नाही. जोडणी तपासायला काळ्या खिडकीत पिंग टाकलं आणि चार ओळींची उत्तरं एकाखाली एक आली, की घरभर आरोळी!

वेग कागदावर 11 एमबीपीएस, हातात पडायचा जेमतेम निम्मा. लग्नाच्या फोटोंची सीडीभर फाइल पलीकडे जायला वीसेक मिनिटं लागत आणि तेवढा वेळ सगळे ती हिरवी पट्टी बघत बसत. सारी भिस्त डेस्कटॉपवर. तो कुणी बंद केला की आतलं नेट गेलं. "बंद करू नका हं, माझं चालू आहे!" ही हाक आपल्या घरांत किती वेळा घुमली असेल! नेट हे कुणीतरी कुणाला तरी द्यायचं असतं, हे त्या घरांत लहानांनाही ठाऊक होतं. मला त्या दिवसांचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

पुढे घरोघरी राऊटर आले. 2012 च्या विंडोज 8 मध्ये अॅड हॉकचा पर्याय मेनूतून गेला. आता दोन फोन वाय-फाय डायरेक्टनं जुळतात, तेव्हा पत्ता आणि की आपापसांत ठरवून मोकळे होतात. वाचून दाखवायला बाबा लागत नाहीत.