टाच टेकते का?

पोरगं चवड्यावर चालतंय म्हणून कुणी दाखवायला आणलं की मी आधी त्याला उकिडवं बसायला लावतो. टाचा जमिनीला टेकवून ते निवांत बसलं, तर माझी निम्मी काळजी मिटते. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर आखडली असेल तर तसं बसवत नाही. पोर मागे कलंडतं, नाहीतर टाचा उचलतं.

नुकतं चालू लागलेलं मूल अधूनमधून चवड्यावर चालतंच. वयाच्या तीन वर्षांनंतरही ते सुरूच राहिलं तर मात्र तपासून घ्यावं. तपासून कारण सापडलं नाही, टाच सहज टेकते, बाकी वाढ चोख आहे, तर वाट पाहता येते. स्वीडनमध्ये सुमारे 1400 मुलांच्या पाहणीत चवड्यावर चालणाऱ्यांपैकी 79 टक्के मुलांची ही सवय दहाव्या वर्षापर्यंत उपचाराविना सुटली होती. बसायचा प्लास्टिकचा वॉकर मात्र आणूच नका. त्यात पोर चवड्यानेच जमीन रेटतं, शिवाय उलटण्याची भीती वेगळीच.

कारणं पुष्कळ आहेत. मूल कमी दिवसांचं जन्मलं असेल, जन्मल्यावर लगेच रडलं नसेल आणि पाय ताठ असतील, तर मूळ मेंदूत असू शकतं. एकाच पायाची टाच उचललेली असेल तर ती सवय समजू नये. नजर देत नाही, बोलणं मागे आहे, अशा मुलाची स्वमग्नतेसाठी तपासणी हवी.

मला धडकी भरते ती वेगळ्याच वाक्याने : "आधी नीट चालायचा, आता चवड्यावर चालतो." मुलगा पाच वर्षांचा, जिना चढताना दमतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत उठतो, आजी मात्र त्याच्या भरदार पोटऱ्यांचं कौतुक सांगते. मामाही असाच होता, असं कुणी म्हणालं तर संशय आणखी बळावतो. हा डुशेन स्नायूविकार असू शकतो. सीपीके ही रक्ताची साधी तपासणी त्याची दिशा दाखवते. तो पूर्ण बरा होत नाही, पण स्टेरॉइड आणि व्यायामांनी चालण्याची वर्षं वाढतात. इथे शीर लांब करण्याची घाई नको. तोल सावरायलाच हा मुलगा चवड्यावर उभा असतो. आणि हे आईकडूनच आलं म्हणत सुनेला दोष देऊ नका. सुमारे एकतृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवतो.

शीर आखडलेल्या इतर मुलांना पोटरीचे ताण, रात्रीची पट्टी आणि दर एक-दोन आठवड्यांनी बदलायचं प्लास्टर, एवढं बहुधा पुरतं. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. नुसत्या तेलमालिशने शीर लांबत नाही.

धाराशिवमध्ये अडतं ते कॅलेंडरात. दिवाळीच्या आगेमागे भूम, परंडा, वाशी, कळंबकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पोरं आईबापासोबत कोपीवर जातात. एक प्लास्टर बसतं, दुसरं राहून जातं. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण पोर तेव्हा फडात असलं तर कुणाला तपासणार? म्हणून माझ्या मते प्लास्टर पावसाळ्यातच उरकावं. अंगणवाडीताईंनी असं मूल दिसताच जूनमध्येच पाठवावं. आणि मुकादमांना विनंती आहे : प्लास्टर अर्ध्यावर असेल, तर त्या एका कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, दोन आठवडे उशिरा बोलवा.