आठवण ठेवणारी तार

एखादी तार वाकवली आणि तिला ऊब दिली की ती आपोआप मूळ आकारात येते, हे कोणी सांगितलं तर वर्गातल्या पोरांनी मला वेड्यात काढलं असतं. पण असा धातू आहे. नाव नायटिनॉल. निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू, अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९५९ च्या सुमारास विल्यम ब्यूलर यांना गवसलेला.

आपल्या पनवेलहून खाडीपलीकडे, ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात याच कुळातल्या धातूच्या कड्या तेजस विमानासाठी केल्या. कडी अतिथंड करून ताणायची, दोन नळ्यांच्या जोडावर सरकवायची. ऊब येताच ती आक्रसून घट्ट बसते. वेल्डिंगची भानगडच नको!

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. माझा धातूंशी संबंध भांड्यांपुरता. पण २०१९ मध्ये यांच्या मांडीतल्या धमनीत याच धातूचा स्टेंट बसला, आणि मग मुलाने कुठेसं वाचून फोनवर सांगितलं की पायातले स्टेंट वाकून वाकून मोडतात. झालं! हे घरात बसले. चाललो तर तार तुटेल, म्हणे.

मग मी मुलाला पिच्छा पुरवून सगळं समजून घेतलं. तारेत आत राहून गेलेला एखादा सूक्ष्म कण किंवा वरचा ओरखडा, तिथून भेग सुरू होते. पाय दुमडला की भेगेच्या टोकाशी ताण साचतो, तिथली अणूंची मांडणी बदलते, ताण सुटला की परतते. बाहेरून आकार जसाच्या तसा, भेग मात्र किंचित पुढे सरकलेली. शरीरात वापरतात त्या इतर धातूंपेक्षा यात भेग लवकर वाढते, आणि तार तर केसाच्या दोन-तीन पट जाड. म्हणून भेग पडूच नये यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत करतात.

हिशोब केला. रोज पाच हजार पावलं म्हणजे एक पाय अडीच हजार वेळा दुमडतो, वर्षाला नऊ लाखांवर. २००५ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी १२१ पाय तपासले, त्यातल्या ४५ पायांत स्टेंट मोडलेला निघाला. लांब स्टेंट जास्त मोडले होते. पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "काकू, त्यानंतर स्टेंटची घडण सुधारली. शिवाय मोडलेला प्रत्येक स्टेंट बंद पडतोच असं नाही. पण काका चालले नाहीत तर पाय नक्की बिघडेल."

हे आता चालतात, कुरकुरत का होईना. पुढच्या महिन्यात एक्स-रे आहे. त्यात तारा एकेक करून बघा, नुसतं "सगळं ठीक" चालणार नाही, असं मी डॉक्टरांना आधीच बजावून ठेवलं आहे.