साथ करणाऱ्याने आधी ऐकायचे असते

वाचकहो, गेली बत्तीस वर्षे मी संवादिनीची साथ करीत आलो आहे. निमंत्रणपत्रिकेवर गायकाचे नाव ठळक असते आणि तबलजीचे व माझे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते. याची मला खंत नाही. साथीदाराची जागाच ती आहे. गायक पुढे जातो, आपण त्याच्या अर्धे पाऊल मागे राहायचे. त्याने श्वास घेतला की रिकामी जागा भरायची, तीही त्याच्याच वाटेने. हे काम हातांचे वाटते, पण त्यातला मोठा भाग कानांचा आहे.

मी कोणत्याही संस्थेत नोकरी केली नाही. ख्यालाची साथ ही माझी मूळ विद्या, परंतु केवळ तिच्यावर पुण्यासारख्या शहरात घर चालत नाही. म्हणून नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत वाजवले, कीर्तनाला पेटी धरली, अभंगांचे दौरे केले. जाहिरातींसाठी वीस-वीस सेकंदांचे तुकडे ध्वनिमुद्रित केले. कथकच्या वर्गात तासन्‌तास एकच लेहरा धरून बसलो. समोर मुलींच्या पिढ्या बदलल्या, लेहरा तोच राहिला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांच्या दिवसांत धास्तावलेल्या मुलांची साथ केली. आता पहाटे साडेपाचला अमेरिकेतील मराठी मुलांना पडद्यावरून अलंकार शिकवतो. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते.

या विविधतेचे मोठे सुख आहे. मात्र तिच्या पोटात एक अस्थैर्यही असते. गणेशोत्सवापासून दिवाळी पहाटेपर्यंत आणि पुढे थंडीतल्या महोत्सवांपर्यंत डायरीत जागा नसते. चैत्र सरला की पाने कोरी पडू लागतात. स्वतंत्र कलावंताला आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. आपण एक तारीख नाकारली तर ती दुसऱ्याकडे जाते आणि बहुधा तिकडेच राहते. रात्री एकला मैफल संपवून एसटीने परतायचे आणि उजाडताच शिकवणीला बसायचे, असे वर्षानुवर्षे चालते. झोपेची घडी एकदा विसकटली की मनाची घडीही हळूहळू विसकटते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला नैराश्याचा आजार झाला. कारण विचाराल, तर सांगण्याजोगे काही घडले नव्हते. पहाटे साडेतीनला जाग येई आणि छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटे. जेवणाची चव गेली. बोटे अचूक पडत होती, भाता नीट चालत होता, श्रोत्यांना काही उणे जाणवत नव्हते. परंतु बिहागातला तीव्र मध्यम लागला तरी आत काहीही हलत नसे.

हे प्रथम ओळखले ते माझ्या आईने. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. एके सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, तू नुसता वाजवतो आहेस. ऐकत नाहीस.” त्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे आली. तिने उपदेश केला नाही, कारण विचारले नाही. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली.

डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिले तीन आठवडे मला काहीच फरक जाणवला नाही. हा काळ कठीण असतो आणि पुष्कळ जण याच काळात औषध सोडतात. औषधांबरोबर समुपदेशन चालू होते, झोपेच्या वेळा बांधून घेतल्या होत्या. दुसरा महिना संपत असताना एका तालमीत तोच तीव्र मध्यम पुन्हा काळजात उतरला. त्यानंतरही जवळजवळ वर्षभर उपचार चालू राहिले आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते हळूहळू कमी झाले.

“तुम्ही तर संगीतातले! तुम्हाला कसले नैराश्य?” हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. त्यामागे आपुलकी असते, पण एक गैरसमजही असतो. दिवसभर इतरांसाठी रांधणाऱ्याचीही भूक मरू शकते. संगीत मनाला आधार देते, विसावा देते, माणसांत आणून बसवते. मधुमेह झालेल्याला भूप ऐकवून आपण औषध बंद करीत नाही, तसेच इथेही आहे.

बरा झाल्यावर एका ज्येष्ठ नागरिक संघातील कार्यक्रमात मी याविषयी दहा मिनिटे बोललो. त्यानंतर एका आयोजकांचे निमंत्रण येणे थांबले. “त्यांची तब्येत बरी नसते म्हणे,” एवढेच कानावर आले. माझ्या वाद्याला हा अनुभव नवा नाही. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तिच्यातून मींड निघत नाही, हा आक्षेप खराच होता. तरी त्या सर्व काळात मैफलीत, नाटकात आणि देवळात पेटी वाजतच राहिली आणि अखेरीस ते दारही उघडले. मीही बोलत राहिलो. आता ज्येष्ठांसाठी कार्यक्रम असला की ती दहा मिनिटे मी मागून घेतो. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी कुणीतरी हळूच जवळ येते. कुणी म्हणते, “हिला संध्याकाळ झाली की रडू येते.” कुणी म्हणते, “हे हल्ली वर्तमानपत्रसुद्धा उघडत नाहीत.” ते दोन शब्द बोलता यावेत, यासाठीच ती दहा मिनिटे असतात.

पाच वर्षांनी आमच्या घरात भूमिका बदलल्या. एकोणऐंशीव्या वर्षी आई अबोल झाली. अंग दुखते, भूक नाही, तोंडाला चव नाही, एवढीच तक्रार. नातेवाईक म्हणाले, “वय झाले.” परंतु वय काही महिन्याभरात होत नसते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. त्याचे उपचार झाले, तरी उदासी उरलीच. मग मनाचे औषधही अगदी लहान मात्रेत सुरू झाले.

तिला आवडतील म्हणून मी जुनी गाणी लावली. ती म्हणाली, “बंद कर, नको वाटते.” मी बंद केले. रोज संध्याकाळी तिच्याशेजारी पेटी घेऊन बसे आणि केवळ षड्ज धरून ठेवी. काही दिवस असेच गेले. एकदा ती अचानक म्हणाली, “एवढ्या वर नको रे, पट्टी उतरव.” तरुणपणी ती काळी चारमध्ये गात असे. आता पांढरी चारवर तिचा आवाज स्थिरावला. आम्ही दोन ओळी गायलो. ती पूर्वीसारखी झाली असे मी म्हणणार नाही. पण ती जेवू लागली, शेजारणीशी बोलू लागली, आणि तिचा आजार आम्हाला ओळखता येऊ लागला.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण कुणाची तरी शुश्रूषा करीत असतील. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. अंगदुखी, मोडलेली झोप, भूक मंदावणे, चिडचिड, विसराळूपणा ही त्याची वेषांतरे असू शकतात. असा बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, ब-१२, हिमोग्लोबिन यांच्या तपासण्यांविषयी विचारा, आणि ऐकू नीट येते का, तेही पाहा. घरातले बोलणे ऐकू येईनासे झाले की माणूस आपोआप एकटा पडतो. शेजाऱ्याला लागू पडलेली झोपेची गोळी परस्पर देऊ नका. ज्येष्ठांत तिने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. सुरू असलेले औषध मनाने बंद करू नका.

“आता देवाने न्यावे” हे वाक्य वारंवार येऊ लागले तर ते वयाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नका. जीव नकोसा वाटतो का, हे सरळ आणि मायेने विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा संरक्षण मिळावे, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात आहे. आपल्या विमापत्रात ती कशी उतरली आहे, हे एकदा वाचून ठेवा.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, तंबोरा कितीही उत्तम असो, तासाभराने त्याच्या तारा पुन्हा जुळवाव्या लागतात. त्यासाठी मैफल थांबली तर श्रोते रागावत नाहीत. आठवड्यातून एक दुपार घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवा. आपली झोप उडाली, आपली भूक गेली, तर आपल्यासाठीही डॉक्टरांची वेळ घ्या.

आज संध्याकाळी आपल्या माणसाजवळ थोडा वेळ बसा. दूरदर्शन बंद असू द्या. “कसे वाटते आहे?” असे विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर ती जागा आपल्या शब्दांनी भरू नका.