परसातला कार्तिक

आमचे घर इंदूरच्या जुन्या वस्तीत. मागे जेमतेम दोन खोल्यांएवढे परस. त्यात एक आवळा, एक लिंबोणी, भिंतीशी पारिजातक आणि मधोमध तुळशीवृंदावन. संक्रांतीनंतर यातील निम्म्या जागेवर फरशी घालून मागच्या गल्लीतून गाडी आत घेण्याची सोय करावी, असा चिरंजीवांचा बेत आहे. रस्त्यावर गाडी ठेवणे आता खरोखरच कठीण झाले आहे, तेव्हा त्यांची अडचण खोटी नाही. परंतु त्या निम्म्या जागेत लिंबोणी येते. म्हणून यंदाचा कार्तिक आम्ही उभयतांनी सकाळचा चहा परसातच घेऊन काढला.

माळव्यात या दिवसांत दुपार अजून तापते, पण पहाटे शाल लागते. पारिजातकाचा बहर ओसरला. जेथे सडा पडे तेथे आता ओंजळभरही फुले मिळत नाहीत. त्यांच्या जागी नाण्यासारखी चपटी फळे दिसतात, प्रत्येकात दोनच बिया. आवळा मात्र लगडलेला. कार्तिक शुद्ध नवमीला शेजारच्या माळवी घरातील स्त्रिया त्याची पूजा करावयास येतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात महिन्यांच्या नावांचा मेळ बसत नाही. शुद्ध पक्षात मात्र दोन्ही घरांचे पंचांग एकच, आणि तुळशीचे लग्नही मग एकत्रच लागते.

थिरथिराही आला आहे. हा हिवाळी पाहुणा हिमालयाकडून येतो, भिंतीवर बसून शेपटी सारखी थरथरवितो आणि उघड्या मातीतील मुंग्या-किडे टिपतो. फरशीवर तो काय टिपणार, हे आम्ही चिरंजीवांना अद्याप विचारलेले नाही. जांभळ्या शिंजिराच्या नराने पावसाळ्यानंतर आपला झगझगीत पोशाख उतरवून ठेवला आहे; सध्या तो मादीसारखाच पिवळट, केवळ गळ्यापासून खाली एक काळी रेघ. आमची नात त्याला शकरखोरा म्हणते, आम्ही शिंजीर म्हणतो. पक्षी दोन्ही नावांना दाद देत नाही.

पण खरी गर्दी लिंबोणीवर. कोवळ्या पानांवरच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. त्यामुळे त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. नातीने एकीला काडी लावली, तोच डोक्यामागून दुभंगलेले तांबूस शिंग बाहेर आले आणि असा उग्र दर्प सुटला की काडी टाकून ती आजीमागे दडली. आता दोन कोश उरले आहेत, पाठीवरून रेशमी धाग्याचा फास घेऊन टेकलेले; एक हिरव्या डहाळीवर हिरवा, दुसरा वाळक्या काटकीवर तपकिरी. थंडीत हे कोश लवकर फुटत नाहीत. आठवड्यांमागून आठवडे जातात.

परवा चिरंजीवांनी गवंड्याला बोलावून जागा दाखविली. चुन्याची रेघ लिंबोणीला आत घेऊनच गेली. सायंकाळी नातीने बाबांना हात धरून नेले आणि ते दोन्ही कोश दाखविले. चिरंजीव बराच वेळ वाकून पाहत होते. काही बोलले नाहीत.

काल सकाळी चहा घेऊन बाहेर आलो, तर जुनी रेघ पायाने पुसलेली आणि नवी लिंबोणीच्या हातभर अलीकडे आखलेली. तेवढ्यात गाडी मावेल की नाही, ते अजून कोणी मोजलेले नाही.