बाईंचा स्टुडिओ

मुलांनो, चार्ट करताना तुमचं कधी असं झालंय का? मथळा मोठ्या झोकात, ऐसपैस अक्षरांत सुरू करायचा आणि कागदाच्या कडेला पोचेपर्यंत जागाच संपायची! मग शेवटची दोन अक्षरं अंग चोरून उभी. एस.टी.च्या बाकावर चौथा माणूस बसावा ना, तशी! माझ्या नव्या खोलीची गंमत अशाच दोन अक्षरांमुळे झाली.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी बदली झाली आणि मी वाईला, माहेरच्या घरी राहायला आले. चित्रं काढायचा मला लहानपणापासून नाद. पण डी.एड. झालं, नोकरी लागली आणि माझी चित्रकला फळ्यावरच्या आंब्या-बदकापुरती उरली. आता घरामागची एक खोली रिकामी होती. म्हटलं, इथे आपला स्टुडिओ थाटू या!

ही खोली अण्णांची. माझे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोवरची नावं, निवडणुकीच्या भिंती, सारं हातानं रंगवायचे. २००५च्या सुमारास, मी दहावीत असताना, गावात फ्लेक्स छापणारं यंत्र आलं. ज्या फलकाला अण्णांना दोन दिवस लागत, तो तासाभरात मिळू लागला. हळूहळू कामं थांबली. अण्णांनी एका दुकानात हिशेब लिहायची नोकरी धरली आणि खोलीला कुलूप लावलं. खोलीबद्दल ते कधी बोललेच नाहीत. मी किल्ली मागितली तेव्हाही “घे” एवढंच म्हणाले.

मेच्या सुटीत मी खोली झाडून घेतली. पत्र्याच्या जुन्या पाट्यांच्या चळतीमागे खिडकी निघाली, तीही नेमकी उत्तरेला! चित्रकाराच्या खोलीला उत्तरेची खिडकी चांगली, असं म्हणतात. कारण आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेच्या बाजूनं जातो. उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता शांत उजेड येतो आणि रंग खरे दिसतात.

मी टेबल मांडलं, कागद लावला, ब्रश हातात घेतला... आणि काही म्हणता काही सुचेना! ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, मेणवलीचा वाडा, सगळं मनात येऊन गेलं. पण आठ दिवस झाले तरी कागद कोराच. निबंधाचं पहिलं वाक्य सुचत नाही ना, अगदी तसं.

नवव्या दिवशी सकाळी सातला खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी आत आली. उत्तरेच्या खिडकीतून ऊन? मी चकितच झाले. मग लक्षात आलं, अगं, हे तर तूच वर्गात शिकवतेस! २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो. वाई साधारण १८ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर भर दुपारीसुद्धा तो डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. पुस्तकातला धडा माझ्या भिंतीवर चमकत होता!

ती पट्टी जिथे पडली होती, तिथे अण्णा ब्रश पुसत. लाल, पिवळे, निळे फराटे एकावर एक बसून रंगांचा जाड थर झाला होता. मी तोच कोपरा कागदावर उतरवला. झालं की पहिलं चित्र!

जूनमध्ये शाळा सुरू झाली. गल्लीतली चार-पाच मुलं संध्याकाळी चित्रं काढायला येऊ लागली. एक दिवस त्यांनी पुठ्ठ्याची पाटी करून दारावर टांगली, ‘बाईंचा स्टुडिओ’. ‘बाईंचा’ ऐसपैस, ‘स्टु’ ऐटीत आणि ‘डि’ न् ‘ओ’ कडेला चेंगरलेले!

दुसऱ्याच दिवशी एक आजोबा नातवाचा हात धरून हजर.

“पासपोर्ट फोटो कितीला?”

“आजोबा, इथे फोटो नाही, चित्रं काढतात.”

“मग चित्र काढा. पण चार प्रती द्या, शाळेत लागतात!”

मुलं खो खो हसली. ओट्यावर बसलेले अण्णा उठून पाटीपाशी आले. मला वाटलं, आता रागावणार. पण ते त्या चेंगरलेल्या अक्षरांकडे बघत होते.

“हे कुणी लिहिलं?”

“मी, आजोबा,” एक जण हळूच म्हणाला. “जागा संपली.”

“जागा संपत नसते, बाळा. ती आधी मोजायची असते.”

आणि अण्णा खोलीत आले. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच. त्यांनी पुठ्ठा उलटा केला, वर-खाली दोन रेघा आखल्या आणि मुलांना अक्षरं मोजायला लावली. बा-ईं-चा तीन, मधली मोकळी जागा एक, स्टु-डि-ओ तीन. एकूण सात घरं. चौथं घर, म्हणजे मोकळी जागा, पुठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर. “आता मधून कडेला जायचं.” पेन्सिलीनं जागा नेमून झाल्या.

मग अण्णांनी स्वतःच्या कपाटातून एक डबा आणला. त्यात त्यांचे ब्रश होते. केस मऊ, आणि त्यांना तेलाचा ताजा हात लावलेला! इतकी वर्षं कुणाला न सांगता अण्णा ते ब्रश जपत होते. मला काही बोलताच येईना.

ब्रश धरल्यावर त्यांचा हात थरथरला. मी पुढे झाले, तशी त्यांनी मान हलवली. डाव्या हातानं एक काठी पाटीवर आडवी टेकवली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं. थरथर थांबली आणि एका दमात ‘बा’चा काना उतरला. सरळ, ताठ!

फ्लेक्स गेले नाहीत आणि अण्णांची जुनी कामंही परत आली नाहीत. पण दर शनिवारी ते मुलांना अक्षरं शिकवतात. माझ्या भिंतीवर आता अकरा चित्रं आहेत. त्यांतल्या तिघांत अण्णांचा हात आणि ती काठी आहे.

पुढचा चार्ट करताना आधी घरं मोजा बरं का! आणि आमच्या पाटीचं म्हणाल, तर ती आता इतकी झकास दिसते, की पासपोर्ट फोटोसाठी पूर्वीपेक्षा जास्त माणसं येतात!